नौपाड्याचे तळे

मुंबईतल्या काही ठिकाणांच्या नावात पाणी आहे, जागेवर मात्र नाही. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. आपण रोज तिथे उतरतो, चढतो; तळे कुठे गेले, असे कोणी कोणाला विचारत नाही. गोवालिया टँकवर गवळी गुरे आणत. ते तळे बुजले, तिथे मैदान झाले आणि ८ ऑगस्ट १९४२ रोजी त्याच मैदानावरून गांधीजींनी ‘छोडो भारत’ची हाक दिली.

तळी बुजवली गेली, त्याला कारणे होती. १८६० साली विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि तळ्यावर घागर नेण्याची गरज कमी होत गेली. पुढे हिवतापाने शहर हैराण झाले. डॉ. बेंटली यांच्या १९११च्या अहवालाने विहिरी-टाक्यांतल्या डासांकडे बोट दाखवले. ज्याचा उपयोग उरला नाही आणि ज्याची भीती वाटू लागली, ते पाणी शहराने मातीखाली घातले.

वांद्र्याचे तळे मात्र राहिले. स्टेशनाच्या पश्चिमेला, पूर्वीच्या घोडबंदर रस्त्यालगत आजही ते दिसते. वांद्रे तेव्हा मुंबईत नव्हते. ते ठाणे जिल्ह्यातले गाव होते. १८७६ साली तिथे नगरपालिका आली, १९२० साली उपनगर जिल्हा झाला, आणि १९५० साली वांद्रे मुंबई महापालिकेत सामील झाले. शहर तळ्यापर्यंत पोचायला इतका काळ गेला. कमळांमुळे याला लोटस टँक म्हणत, कोणी बडा तलाव म्हणत. आता त्याचे अधिकृत नाव स्वामी विवेकानंद सरोवर आहे, आणि वारसा यादीत त्याला दुसऱ्या श्रेणीचे स्थान आहे.

हे तळे बांधले नौपाडा गावच्या एका सधन कोकणी मुसलमानाने. मीही कोकणी मुसलमान. घरात कोकणी बोलतो, कविता मराठीत लिहितो. म्हणून या तळ्याशी माझे नाते थोडे जवळचे आहे, हे लपवत नाही. आमच्याकडे दानाचा एक प्रकार सांगतात, ‘सदका-ए-जारिया’. देणारा गेल्यावरही ज्याचा लाभ लोकांना मिळत राहतो, असे दान. विहीर खणणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ‘जारिया’ म्हणजे वाहते. आपण मराठीत ‘आदेश जारी केला’ म्हणतो, तो ‘जारी’ याच घरातला. पाणपोई घालणारा, पांथस्थांसाठी आड खणणारा हिंदू शेतकरीही हेच पुण्य मानत आला. पाण्याच्या दानात धर्माधर्मांचे फारसे मतभेद नाहीत.

मतभेद झाले ते पाण्यावर कोणी यावे, यावरून. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मान्य केला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह त्या काठावर जाऊन पाणी प्यावे लागले, आणि न्यायालयात तो हक्क सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले. कागदावर खुले असलेले तळे पायाखाली खुले होईलच असे नाही, हे महाडने शिकवले. आजही कुंपण, कुलूप आणि तिकीट या तीन गोष्टी काठाची माणसे बदलू शकतात. म्हणून जतन म्हणताना मी आधी फाटकाकडे पाहतो.

त्यानंतर पाण्याकडे. तळे म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा नव्हे. पावसाचे पाणी आत येण्याची वाट, जादा पाणी बाहेर जाण्याची वाट आणि ठरावीक काळाने गाळ काढणारे हात, या तिघांवर ते जगते. गावे उन्हाळ्यात गाळ काढत आणि तो शेतात टाकत. शहरात वाटा अडतात आणि सांडपाणी, निर्माल्य, माशांना टाकलेला पाव आत येतो. शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, आणि एखाद्या पहाटे मासे उलटे तरंगू लागतात. कारंजे लावले, रंगीत दिवे लावले, तरी हे थांबत नाही. चारी बाजूंनी सिमेंट केले की मातीशी असलेले पाण्याचे येणे-जाणेही तुटते.

१९९०च्या दशकात इथे पायाने चालवायच्या होड्या होत्या. मुलांची मौज होती, तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. तळे करमणुकीचे असावे, नुसते देखाव्याचे नसावे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी खटल्यात सांगितले, की तळी, डोंगर, जंगले ही समाजाची संपत्ती आहे आणि ती जपली पाहिजे. तो निकाल एका खेड्यातल्या तळ्याच्या जागेचा होता. वांद्र्याचे तळेही मुळात खेड्याचेच.

एवढेच सांगायचे आहे, की दान एकदा देऊन संपत नाही. देणारा गेला, ते वाहते ठेवण्याचे काम घेणाऱ्यांकडे येते. पावसाळ्यापूर्वी गाळ निघावा, सांडपाण्याची तोंडे बंद व्हावीत, संध्याकाळी दमून आलेल्या हमालालाही काठावर बसता यावे. आणि पाटीवर कितीही मोठी नावे असोत, त्यांत कोपऱ्यात का होईना, नौपाडा हे गावाचे नाव असावे.