अपंगांच्या पार्किंगची निळी पाटी आली कुठून?

कैनाडचा एक तरुण सिकलसेलसाठी माझ्याकडे येतो. मागच्या पावसाळ्यात त्याला रिक्षाने एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे निळ्या पाटीच्या जागेवरून रखवालदाराने रिक्षा हटवायला लावली. कारण काय, तर "हा चालतोय की!"

रखवालदाराला तरी काय म्हणणार? पाटीवर चाकाची खुर्चीच आहे ना!

ही खुर्ची 1968 साली सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढली. गंमत म्हणजे खुर्ची रिकामी होती, तिच्यात माणूस नव्हता. कार्ल मॉन्टन यांच्या समितीने वर एक गोल काढून डोके दिले आणि 1969 मध्ये डब्लिनच्या परिषदेत ती खूण जगासाठी स्वीकारली गेली. दुरून ओळखू यावी म्हणून ती साधी ठेवली. पण त्या साधेपणामुळे खुर्ची नसलेला प्रत्येक अपंग पाटीबाहेर राहिला.

ब्रिटनमध्ये 1970 चा कायदा झाला आणि 1971 पासून नारिंगी बिल्ला मिळू लागला, तो पुढे निळा झाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे बिल्ला गाडीला नसून माणसाला मिळतो. आज मुलाची गाडी, उद्या शेजाऱ्याची. बिल्ला काचेमागे ठेवला की झाले.

आपल्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांसाठी हा मोठा बदल आहे. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा अडवतात आणि सांध्याचा गोळा हळूहळू मरतो. असा रुग्ण चालतो, पण पाऊलागणिक कळ सोसत.

राष्ट्रीय इमारत संहितेने अशी जागा दारापासून 30 मीटरच्या आत आणि 3.6 मीटर रुंद सांगितली आहे. रुंदी खुर्चीसाठी आहे. 30 मीटरची अट मात्र माझ्या या रुग्णाच्याही कामाची.

आपले यूडीआयडी कार्डही माणसाच्याच नावाचे असते, पण ते खिशात राहते. म्हणून रिक्षातून उतरण्याआधीच ते हातात काढून ठेवा. कार्ड नसेल तर ऑनलाइन अर्ज करा. तपासणीला जाताना सिकलसेलचा रक्ताचा अहवाल आणि खुब्याचा एक्स-रे, दोन्ही सोबत न्या.