अंगणात माशांचं तळं करायचंय? मग मासे सगळ्यात शेवटी आणा

खड्डा खणला, प्लास्टिकचा कागद अंथरला, नळाला पाइप लावून पाणी भरलं आणि संध्याकाळी दुकानातून १० गोल्डफिश आणून सोडले. रीलमध्ये हे सगळं ३० सेकंदांत होतं. आठवडाभरात मासे एकेक करून पाण्यावर तरंगायला लागतात, तो भाग मात्र रीलमध्ये नसतो.

नव्या तळ्यात मासे मरतात, तेव्हा आपल्याला वाटतं दुकानदाराने आजारी मासे दिले. बऱ्याचदा मासे ठणठणीत असतात. पाणीच तयार झालेलं नसतं.

पाणी ‘तयार’ होतं म्हणजे काय?

माशांच्या कल्ल्यांतून, त्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विषारी असतो. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच कमी घातक असतं आणि झाडं ते खत म्हणून वापरतात.

हे जिवाणू दगडांवर, कडांवर आणि फिल्टरमध्ये वाढतात. त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर पंप आणि फिल्टर चालू ठेवा, झाडं लावा आणि रोज चिमूटभर खाद्य टाका, म्हणजे जिवाणूंनाही अन्न मिळेल. मत्स्यालयाच्या दुकानात पाणी तपासायचं किट मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की तळं तयार.

मग तोवर डासांचं काय?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण ७ ते १० दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच चार-पाच गप्पी सोडा. एवढ्याशा माशांचा भार मोठ्या तळ्याला जाणवत नाही आणि ते अळ्या फस्त करतात. आरोग्य विभाग डासांच्या बंदोबस्तासाठी हेच मासे वापरतो.

मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाणी भरल्यावर किमान दोन दिवस उघडं राहू द्या, नाहीतर क्लोरीन घालवणारं औषध वापरा. त्यानंतरच गप्पी सोडा.

जागा आणि आकार कसा ठरवायचा?

दिवसातून ४ ते ६ तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. आंब्याखाली किंवा बदामाखाली तळं नको, कारण पडलेली पानं तळाशी कुजतात. अंगणातल्या सगळ्यात सखल जागीही नको. पावसाळ्यात खतं आणि माती घेऊन सगळं पाणी तिथेच येतं.

सुरुवातीला ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूट खोल तळं पुरतं. त्यात साधारण १,३५० लिटर पाणी मावतं. उथळ तळं उन्हाळ्यात पटकन तापतं. शेततळ्यात अंथरतात तो जाड कागद इथेही चालतो. सिमेंटचा हौद बांधला तर त्यातला चुना पाण्यात उतरतो, त्यामुळे दोन-तीन आठवडे पाणी भरून आणि बदलून तो धुऊन काढावा लागतो. जादा पाणी वाहून जाण्यासाठी वरच्या बाजूला जाळी लावलेला पाइप ठेवा.

किती आणि कोणते मासे?

एवढ्या तळ्यात पाच-सहा गोल्डफिश पुरेत. तेही दोन-दोन करून, मध्ये एक-दोन आठवडे जाऊ देऊन सोडा. कोई दिसायला सुंदर, पण तो दोन फुटांपर्यंत वाढतो. त्याला याहून मोठं आणि खोल तळं लागतं.

रोजची काळजी

- दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या. उरलेलं खाद्य म्हणजे पुन्हा अमोनिया.
- दर आठवड्याला १० ते २० टक्के पाणी बदला. सगळं पाणी एकदम बदलू नका.
- पंप रात्री बंद करू नका. रात्री झाडं आणि शेवाळ ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट वापरतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर ते भुकेले नाहीत, त्यांना ऑक्सिजन कमी पडतोय.
- खंड्या, ढोकरी आणि मांजर येणारच. वर जाळी लावा आणि तळाशी लपायला एखादी फुटकी कुंडी आडवी ठेवा.
- घरात लहान मूल असेल तर मजबूत जाळी किंवा कुंपण हवंच. दोन फूट पाणीही जीव घेऊ शकतं. पंपाच्या वायरिंगला आरसीसीबी बसवून घ्या.

कंटाळा आला तर?

मासे नदीत किंवा ओढ्यात सोडू नका. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, म्हणजेच चिलापी, आज अनेक नद्या-धरणांत पसरलाय आणि स्थानिक माशांच्या मुळावर आलाय. गप्पीही बाहेरचाच मासा आहे. जलपर्णीचं तेच. ती तळ्यात लावूच नका. नको असलेले मासे दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

थोडक्यात, आज खड्डा खणलात तर गोल्डफिश साधारण दीड महिन्याने आणा. तेवढा धीर धरलात तर पहिल्या आठवड्यात मेलेले मासे उपसायची वेळ येणार नाही.