मॅक्रोचा शॉर्टकट चालत नाही तेव्हा

एक्सेलमध्ये रोज करावी लागणारी तीच ती कामे एका कळीवर आणून ठेवण्याची सोय म्हणजे मॅक्रो. मार्चअखेरीस पतसंस्थेचे खातेउतारे जुळवणाऱ्यापासून शाळेचे निकालपत्रक तयार करणाऱ्या लिपिकापर्यंत अनेकांचा दिवस या एका कळीवर अवलंबून असतो. ती कळ रुसली की दोन प्रकार संभवतात. एक, काहीच घडत नाही. दुसरा, भलतेच काही घडते. पहिल्याने वेळ जातो, दुसऱ्याने काम जाते. कारण मॅक्रोने केलेला बदल 'अनडू' करून मागे घेता येत नाही, आणि मॅक्रो चालण्याआधी आपण हाताने केलेल्या बदलांची परतीची वाटही सहसा त्याच क्षणी बंद होते. म्हणून पुढील सर्व तपासणी मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर करावी.

तपासणीचा आरंभ ऑल्ट आणि एफ८ या कळांनी करावा. त्या एकत्र दाबल्या की उघड्या फाइलींतील मॅक्रोंची यादी समोर येते. आपला मॅक्रो निवडून 'रन' करावे. तो तेथून सुरळीत चालला, तर दोष कळीत आहे. तेथूनही चालला नाही, तर दोष मॅक्रोत किंवा त्याला मिळालेल्या परवानगीत आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मा शोध संपतो, तरीही बहुतेक जण कळच पुन्हा पुन्हा दाबत बसतात. यादीत मॅक्रोचे नावच नसेल, तर तो 'प्रायव्हेट' म्हणून लिहिलेला असावा, त्याला बाहेरून एखादे मूल्य पुरवावे लागत असावे, किंवा तो त्या फाइलीत उरलेलाच नसावा.

मॅक्रोच बंद असेल तर

शेवटची शक्यता वाटते तितकी दुर्मीळ नाही. एक्सेल २००७ पासून नेहमीच्या एक्सएलएसएक्स प्रकारात मॅक्रो साठवला जात नाही. जतन करताना तशी सूचना येते. घाईत 'येस' म्हटले की तक्ता राहतो, मॅक्रो जातो. फाइल एक्सएलएसएम प्रकारात जतन करणे हाच उपाय.

दुसरे कारण सुरक्षेचे. इंटरनेटवरून किंवा ईमेलमधून उतरवून घेतलेल्या फाइलीवर विंडोज तिच्या उगमाची खूण ठेवते. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा फाइलींतील मॅक्रो मुळातच रोखून धरण्यास आरंभ केला. वर लाल पट्टी दिसते, आणि पूर्वीसारखे 'एनेबल कंटेंट'चे बटण तिच्यावर नसते. पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाइल त्यानेच पाठवल्याची खात्री असेल, तरच फाइलीवर उजवी टिचकी देऊन 'प्रॉपर्टीज'मध्ये तळाशी असलेल्या 'अनब्लॉक' या चौकटीत खूण करावी. ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन सर्वच मॅक्रोंना सरसकट मुभा देण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो पाळू नये. नेहमीच्या फाइलींसाठी एक फोल्डर 'ट्रस्टेड लोकेशन' म्हणून नोंदवणे अधिक शहाणपणाचे.

कळ नेमताना झालेल्या चुका

मॅक्रो यादीतून चालतो, कळीने चालत नाही, अशी स्थिती असेल तर त्याच यादीतील 'ऑप्शन्स' उघडावे. नेमलेली कळ तेथे दिसते. या चौकटीत केवळ अक्षर चालते, अंक किंवा चिन्ह नव्हे. लहान अक्षर लिहिले तर कंट्रोलसह ते अक्षर दाबायचे. मोठे लिहिले तर कंट्रोल, शिफ्ट आणि ते अक्षर. कळ नेमताना कॅप्स लॉक चालू राहिला असेल, तर आपल्या नकळत शिफ्टची भर पडते आणि आपण मात्र शिफ्टविना कळ दाबत राहतो.

ही नेमणूक एक्सेलच्या स्वतःच्या शॉर्टकटवर मात करते, आणि भलतेच घडण्याचे मूळ बहुधा येथे सापडते. 'सारांश' नावाच्या मॅक्रोसाठी कोणी कंट्रोल आणि एस निवडले, की ती फाइल उघडी असेपर्यंत त्या कळांनी कोणतीच फाइल जतन होत नाही. कंट्रोल आणि ई या कळांना एक्सेल २०१३ पासून 'फ्लॅश फिल'चे काम आहे; त्याआधीच्या काळातील एखादा मॅक्रो याच कळांवर बसलेला असेल, तर नव्याने शिकलेल्याला तो चकवतो. जे आणि एम ही अक्षरे सहसा मोकळी सापडतात. दोन उघड्या फाइलींतील मॅक्रोंना एकच कळ दिलेली असेल, तर त्यांतला एकच चालतो, आणि तो आपल्याला हवा तोच असेल याची शाश्वती नसते. तेव्हा बाकीच्या फाइली बंद करून पाहावे.

कळीची नोंद मॅक्रोच्या मजकुरात डोळ्यांना दिसत नाही. ती एका लपलेल्या ओळीत असते. त्यामुळे मॅक्रोचा मजकूर एका फाइलीतून उचलून दुसरीत चिकटवला तर कळ सोबत येत नाही. संपूर्ण मॉड्यूल 'एक्स्पोर्ट' करून दुसरीकडे 'इम्पोर्ट' केले तर येते. सर्व फाइलींत उपयोगी पडणारे मॅक्रो ज्या 'पर्सनल' वर्कबुकात ठेवतात, ते एक्सेलसोबत पडद्याआड उघडत असते. एक्सेल मध्येच कोसळले तर कधीकधी हे वर्कबुक बाद ठरवले जाते आणि त्यातील सगळ्या कळा एकदम मुक्या होतात. 'ऑप्शन्स'मधील 'अ‍ॅड-इन्स' या पानावर तळाशी 'डिसेबल्ड आयटेम्स' निवडून त्याला पुन्हा मोकळे करता येते.

शिफ्टचा सापळा

आमच्या संपादकीय विभागात बाजारभावाचा तक्ता रोज सायंकाळी एका मॅक्रोने तयार होत असे. दुसरी फाइल उघडायची, तिच्यातील भाव उचलायचे आणि आपल्या तक्त्यात मांडायचे, एवढेच त्याचे काम. यादीतून तो निर्दोष चालायचा. कळीने चालवला की दुसरी फाइल उघडायची आणि सारे तेथेच थबकायचे. चुकीचा संदेश नाही, काही नाही. दोन संध्याकाळी भाव हाताने उतरवून घेतल्यावर दोष कळला. शिफ्ट दाबून ठेवून फाइल उघडली की तिच्यातील मॅक्रो चालू नयेत, अशी एक्सेलची जुनी सोय आहे. आमच्या कळीत शिफ्ट होती. मॅक्रोने फाइल उघडली तेव्हा बोट अजून शिफ्टवरच होते, आणि एक्सेलने त्याचा अर्थ 'मॅक्रो थांबवा' असा घेतला. शिफ्ट नसलेली कळ नेमताच अडचण मिटली. जो मॅक्रो दुसरी फाइल उघडतो, त्याला शिफ्टची कळ देऊ नये.

काही किरकोळ, काही चिवट

एखाद्या चौकटीत लिहिणे चालू असताना मॅक्रोची कळ लागू होत नाही. खालच्या पट्टीवर 'एडिट' किंवा 'एंटर' दिसत असेल, तर एस्केप दाबून 'रेडी' येऊ द्यावे. आपल्याकडे आणखी एक तपासणी अगत्याची: कळफलक मराठीवर असेल तर तो इंग्रजीवर आणून पाहावा. मराठी टंकलेखनाची काही साधने स्वतःसाठी कळा राखून ठेवतात, तेव्हा ते साधनही क्षणभर बंद करून पाहावे. लॅपटॉपवर एफ८ दाबताच आवाज किंवा उजेड बदलत असेल, तर सोबत एफएन कळही दाबावी लागेल.

अंक किंवा फंक्शन कळ हवी असेल, तर 'अ‍ॅप्लिकेशन डॉट ऑनकी' ही आज्ञा वापरतात. तिच्यात ^ म्हणजे कंट्रोल, + म्हणजे शिफ्ट आणि % म्हणजे ऑल्ट. ही नेमणूक फाइलीत टिकत नाही. प्रत्येक वेळी फाइल उघडताना करावी लागते, म्हणून ती 'वर्कबुक ओपन' या प्रसंगाला जोडतात. मॅक्रो रोखलेले असतील तर तो प्रसंगही वाया जातो. उलट, एकदा लागू झालेली नेमणूक एक्सेल बंद होईपर्यंत इतर फाइलींतही टिकते, तेव्हा फाइल बंद होताना ती मागे घ्यावी. मागे घेताना मॅक्रोच्या नावाची जागा वगळायची असते. तेथे रिकामे अवतरण "" ठेवले तर ती कळ पूर्णपणे निकामी होते.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये कळा 'टूल्स' मेनूतील 'कस्टमाइझ' येथे नेमतात, आणि तेथील सुरक्षेची पातळी मुळातच 'हाय' असल्याने परक्या फाइलींतील मॅक्रो गप्प राहतात. गुगल शीट्समध्ये कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एक अंक एवढाच पर्याय आहे. म्हणजे एका फाइलीत दहाच कळा, आणि पहिल्यांदा चालवताना खात्याची संमती मागितली जाते. मॅकवरील एक्सेलमध्ये कंट्रोलऐवजी ऑप्शन आणि कमांड यांच्यासह अक्षर दाबावे लागते.