एस्तवेलची समाधी

उत्तर फ्रान्समध्ये, लाँस शहराभोवतीच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात, एस्तवेल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील दफनभूमीत एका हिंदी वैमानिकाची समाधी असून तिच्यावर फ्रेंच व बंगाली अशा दोन भाषांत लेख आहे. बंगाली लेखाचा आशय एवढाच की, ही महावीराची समाधी आहे. हिचा मान राखावा, हिला स्पर्श करू नये.

हा महावीर म्हणजे इंद्रलाल रॉय. मृत्युसमयी त्याचे वय अवघे १९ वर्षांचे होते.

इंद्रलालचा जन्म कलकत्त्यास २ डिसेंबर १८९८ रोजी झाला. त्याची आई ललिता रॉय लंडनमधील हिंदी समाजात पुढाकार घेणारी बाई होती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९११ मध्ये त्या शहरात जी प्रचंड मिरवणूक निघाली, तीत तिने भाग घेतला होता. मुलगा लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकला आणि १९१७ मध्ये ब्रिटिश विमानदलात दाखल झाला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्याचे विमान कोसळून त्यास जबर दुखापत झाली. पुढील जूनमध्ये ४० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये तो पुन्हा रणांगणावर आला. जुलै १९१८ मध्ये त्याने १३ दिवसांत शत्रूची ९ विमाने निकामी केली, असे त्याच्या प्रशस्तिपत्रात नमूद आहे. २२ जुलैस कार्व्हँ गावाच्या आसमंतात फोकर विमानांशी झालेल्या झुंजीत तो पडला. तो मुलूख त्या वेळी जर्मनांच्या ताब्यात होता. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक त्यास सप्टेंबरमध्ये, म्हणजे मरणोत्तर मिळाले. ते मिळविणारा तो पहिला हिंदी मनुष्य होय.

या पराक्रमाचे मोल कळण्यास तत्कालीन परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. हिंदी शिपायाने साम्राज्यासाठी मरावे, परंतु अधिकारी होऊन गोऱ्यांच्या पंक्तीस बसू नये, हाच तेव्हाचा शिरस्ता होता. वैद्यकीय खाते वगळले, तर सैन्यात राजाच्या सनदेचे दार हिंदी माणसास १९१७ पर्यंत जवळजवळ बंदच होते. अशा काळात जे मोजके हिंदी तरुण विमानदलात शिरले, त्यांत हरदितसिंग मलिक होते. ते वाचले आणि पुढे स्वतंत्र भारताचे वकील म्हणून त्याच फ्रान्समध्ये राहिले. त्यांत मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंकरही होता. तो जून १९१८ मध्ये जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागला व तेथेच मरण पावला; आमियांजवळ हाँगार येथे त्याची समाधी आहे. महाराष्ट्रात त्याचे नाव कितीशा घरांत ठाऊक आहे?

एस्तवेलहून फारशा दूर नसलेल्या नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचे स्मारक उघडण्यात आले. ज्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा नाही, अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे तेथे कोरली आहेत. त्यांत शेतकऱ्यांची पोरे पुष्कळ. त्यांच्यापुढे इंद्रलाल भाग्यवानच म्हटला पाहिजे; त्यास नाव लाभले, जागा लाभली आणि मातृभाषेतील चार शब्दही लाभले.

असल्या वीराविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते तो परक्यांच्या युद्धात फुकट गेला. दुसरा पक्ष त्यास भारतीय वायुसेनेचा आद्य पुरुष ठरवितो, आणि त्याचा भाचा सुब्रोतो मुखर्जी १९५४ मध्ये वायुसेनाप्रमुख झाला, हा योगायोग पुराव्यादाखल पुढे करतो. आमच्या मते दोन्ही पक्ष उत्तरकाळाचा हिशेब त्या पोराच्या माथी मारतात. १९१८ मध्ये स्वतंत्र भारताची वायुसेना नव्हती. तिच्यासाठी तो लढला, असे म्हणणे अनैतिहासिक आहे. पण केवळ साम्राज्याच्या दास्यबुद्धीने तो उडाला, असे म्हणणेही तितकेच उथळ होय. ज्या जागेस हिंदी मनुष्य अपात्र समजला जाई, तेथे बसून त्याने आपली पात्रता सिद्ध केली. एवढे कार्य एका अल्प आयुष्यास पुरेसे आहे.

पदक राजाने दिले, म्हणून त्यावरील भाषा राजाची. समाधीवरील भाषा मात्र त्याच्या माणसांची आहे, आणि तिने केलेली मागणी आम्हांस इतिहासकारांनाही लागू वाटते. मान राखावा, आपल्या सोयीसाठी तिच्यावर हात टाकू नये.