वायकोमचे चार रस्ते

विसर्जनाची तारीख जवळ आली की आपल्या मंडळाचे पहिले काम म्हणजे परवानगीचे अर्ज. मैदान रेल्वेचे, रस्ता सरकारचा. तेव्हा अर्ज, शिक्का, सही हे सारे आलेच. असे अर्ज मीही अनेकदा नेऊन दिले आहेत. पण सरकारी रस्ता म्हणजे नेमका कोणाचा, हा प्रश्न मला पडला तो वायकोमला गेल्यावर.

एर्नाकुलम-कोट्टायम मार्गावर वायकोम रोड नावाचे स्टेशन आहे. आपल्या नाशिक रोडसारखेच. नावात ‘रोड’ असले की गाव स्टेशनापासून लांब, हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको. गावात महादेवाचे जुने मंदिर आहे. 1924 साली येथे झालेला सत्याग्रह मंदिरप्रवेशासाठी होता असे पुष्कळजण समजतात. माझाही तोच समज होता. प्रत्यक्षात तो होता मंदिराभोवतालच्या चार रस्त्यांवरून चालण्यासाठी.

त्रावणकोर सरकारने 1865 साली सर्व सार्वजनिक रस्ते सर्व जातींना खुले केले होते. 1884 साली तोच हुकूम पुन्हा काढला. मग न्यायालयात रस्त्यांचे दोन प्रकार पाडण्यात आले, राजवीथी आणि ग्रामवीथी. खुल्या त्या फक्त राजवीथी! मंदिराजवळचे रस्ते ग्रामवीथी ठरले आणि त्यांच्या तोंडाशी मनाईचे फलक कायम राहिले. ईळवा, पुलया या जातींच्या माणसांनी लांबचा वळसा घ्यायचा. ख्रिश्चन आणि मुसलमान मात्र त्याच रस्त्याने खुशाल जात.

बरे, रस्ता मंदिराचा म्हणावा तर मंदिर कोणाचे? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कर्नल मन्रो दिवाण असताना संस्थानातली शेकडो मंदिरे जमिनींसह सरकारकडे आली. त्यांचा कारभार महसूल खाते पाहत असे आणि त्याच कारणाने या जातींना त्या खात्यात नोकरी मिळत नसे. 1922 साली देवस्वम खाते वेगळे झाले. म्हणजे रस्ता, मंदिर, खाते सारे सरकारचेच, आणि कर भरणाऱ्यांत ईळवाही होते.

टी. के. माधवन यांनी 1923 च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये हा प्रश्न नेला. 30 मार्च 1924 रोजी तिघेजण फलकाकडे निघाले: एक पुलया, एक ईळवा, एक नायर. पोलिसांनी जात विचारली. नायर जाऊ शकत होता, पण सोबत्यांना सोडून तो जाईना. तिघांनाही अटक झाली. रोज असे तिघे जाऊ लागले. पुढे पोलिसांनी अटक करणे सोडून रस्त्यावर अडथळे उभारले, तेव्हा स्वयंसेवक तेथेच बसून राहू लागले. इरोडहून आलेल्या पेरियार रामस्वामींना दोनदा तुरुंगवास घडला.

त्याच वर्षी जुलैत केरळात महापूर आला. मुन्नारची कुंडला व्हॅली ही छोटी रेल्वे त्या पुरात वाहून गेली ती पुन्हा उभी राहिलीच नाही. (रूळ कायम राखण्याच्या कामात वय गेलेल्याला हे वाचून चैन पडत नाही.) वायकोमला रस्त्यांवर पाणी चढले. पोलीस होडीत बसून पहारा देत आणि सत्याग्रही छातीभर पाण्यात उभे राहत. ज्या रस्त्यावर पाऊल टाकायचे तो पाण्याखाली गेला, तरी मनाई उठली नाही.

नोव्हेंबरात मन्नत्त पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखाली सवर्णांचाच एक जथा तिरुवनंतपुरमपर्यंत पायी गेला. सुमारे 25,000 सवर्णांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी महाराणींना दिला. अर्जाचा एवढा मोठा गठ्ठा आपल्या कोणत्याही ऑफिसने पाहिला नसेल! तरीही फेब्रुवारी 1925 मध्ये विधिमंडळात ठराव पडला, 21 विरुद्ध 22, एका मताने.

गांधीजींनी विनोबांनाही वायकोमला पाठवले होते. मार्च 1925 मध्ये ते स्वतः आले आणि सनातन्यांचे पुढारी इंडंतुरुत्ती नंबूतिरी यांच्या घरी गेले. गांधीजी ब्राह्मण नव्हते, म्हणून त्यांना घराच्या मुख्य भागात घेतले नाही, बाहेर बसवून चर्चा झाली. निष्पन्न काही झाले नाही.

नोव्हेंबर 1925 मध्ये तोडगा निघाला तो बांधकाम खात्याला शोभेल असा. सरकारने वळणरस्ते बांधले. तीन बाजू सर्वांना खुल्या झाल्या, पूर्वेची बाजू मात्र सवर्णांसाठी राखून ठेवली. प्रश्नाचे उत्तर द्यायचे टाळण्यासाठी सरकारी पैशाने बायपास काढला, असे माझे स्पष्ट मत आहे. पण वीस महिने उन्हापावसात बसलेल्यांनी तीन बाजू मिळवल्या, हेही लहानसहान नव्हे.

हे चालू असताना आपल्याकडे मुंबई कायदेमंडळाने 1923 साली सी. के. बोले यांचा ठराव संमत केला होता: सरकारी पैशातून बांधलेले वा चालवले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने तसा ठरावही केला, पण पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. बाबासाहेबांना त्यानंतर उच्च न्यायालयाचा निकाल मिळाला तो 1937 मध्ये. तेथेही वाद होता तो तळे कोणाचे, आणि वहिवाट मोठी की मालकी, याचाच.

वायकोमची पूर्व बाजू खुली झाली ती 12 नोव्हेंबर 1936 च्या मंदिरप्रवेशाच्या जाहीरनाम्यानंतर. मी गेलो तेव्हा त्याच बाजूने आत गेलो. मला कोणी काही विचारले नाही. परतताना इंडंतुरुत्तींचे घरही पाहिले. ते पुढे ताडी काढणाऱ्या कामगारांच्या युनियनने विकत घेतले. ताडी काढणे हा परंपरेने ईळवांचा धंदा.