भारतातील इंटरनेट सेवा : व्यावसायिक ग्राहक आणि घरगुती 'अतिवापरकर्ता'

भारतातील इंटरनेट सेवेचा इतिहास सामान्यतः 15 ऑगस्ट 1995 पासून सांगितला जातो. त्या दिवशी विदेश संचार निगमाने (व्हीएसएनएल) ही सेवा जनतेसाठी खुली केली. ग्राहकांच्या प्रतवारीचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. 1990 मध्ये पुणे, बंगळूर व भुवनेश्वर येथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क स्थापन झाले आणि निर्यातदार कंपन्यांना उपग्रह केंद्रांमार्फत स्वतंत्र डेटावाहिन्या मिळू लागल्या. घरगुती ग्राहक अस्तित्वात येण्यापूर्वीच व्यावसायिकासाठी राखीव वाहिनी ही कल्पना रूढ झाली होती.

व्हीएसएनएलच्या डायल-अप सेवेत विद्यार्थी, व्यक्ती आणि व्यापारी संस्था यांचे दर भिन्न होते. दर ठरविताना वापर किती, यापेक्षा वापरणारा कोण, हा निकष प्रभावी होता. नोव्हेंबर 1998 मध्ये खाजगी सेवापुरवठादारांना परवानगी मिळाली, तरी आकारणी मुख्यतः तासांवरच राहिली. जास्त वापरणाऱ्याचे तास लवकर संपत आणि दूरध्वनीचे बिलही वाढे. त्यामुळे त्याच्याविषयी पुरवठादाराची तक्रार असण्याचे कारण नव्हते.

ती तक्रार ब्रॉडबँडसोबत आली. ऑक्टोबर 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान 256 केबीपीएस वेगाची, सदैव चालू असणारी जोडणी अशी व्याख्या केली. 'सदैव चालू' याचा अर्थ 'सदैव वापरात' असा मात्र पुरवठादारांनी धरला नव्हता. 256 केबीपीएसची जोडणी महिनाभर अखंड पूर्ण वेगाने चालविल्यास सुमारे 83 जीबी माहिती उतरते. 1 जीबीची मासिक मर्यादा त्याच वेगाने जेमतेम पावणेनऊ तासांत संपते. मर्यादित योजनांचे सारे अर्थशास्त्र या तफावतीत आहे. एकच वाहिनी अनेकांना विकली जाते आणि ते सारे एकाच वेळी ती वापरणार नाहीत, असे गृहीत धरले जाते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत ही विभागणी आकड्यांत मांडली गेली : घरगुती ब्रॉडबँडसाठी 1:50, व्यावसायिकासाठी 1:30 आणि लीज्ड लाईनसाठी 1:1. म्हणजे लीज्ड लाईनचा ग्राहक वेगापेक्षाही वाटेकरी नसण्याची किंमत मोजतो.

आंतरराष्ट्रीय वाहिनीक्षमता महाग होती, हे पुरवठादारांचे म्हणणे निराधार नव्हते. आंतरराष्ट्रीय दूरध्वनी सेवेतील व्हीएसएनएलची मक्तेदारी 2002 मध्ये संपली. देशांतर्गत वाहतूक देशातच वळविणारे 'निक्सी' हे केंद्र 2003 मध्ये स्थापन झाले. तथापि भारत संचार निगमाच्या काही योजनांत रात्री 2 ते सकाळी 8 या वेळेतील वापर मोजला जात नसे. ('डाउनलोड'साठी गजर लावून उठणारी विद्यार्थ्यांची एक पिढी त्यातून घडली.) खरी अडचण एकूण वापराची नसून गर्दीच्या वेळेची होती, हे या सवलतीनेच सिद्ध होते. तरीही पुढे 'अमर्यादित' म्हणून विकलेल्या योजनांना 'फेअर युसेज पॉलिसी' जोडली गेली आणि ठरावीक मर्यादेनंतर वेग घटविला जाऊ लागला. विकत घेतलेली वस्तू पूर्ण वापरणारा ग्राहक येथे अन्यायी ठरतो, हे या नावातील 'न्याय्य' शब्दाचे वैचित्र्य आहे. मर्यादा व त्यानंतरचा वेग जाहीर करण्याचे बंधन ट्रायने जुलै 2012 मध्ये घातले.

दुरुस्तीच्या बाबतीतला भेद अधिक सूक्ष्म आहे. ट्रायच्या 2006 च्या गुणवत्ता विनियमांनुसार ब्रॉडबँडमधील 90 टक्क्यांहून अधिक बिघाड पुढील कामकाजाच्या दिवसापर्यंत दूर होणे अपेक्षित होते. हे संरक्षण सरासरीचे होते. उरलेल्या टक्केवारीत आपण आहोत की नाही, हे ग्राहकाला बिघाड झाल्यावरच कळे. लीज्ड लाईनच्या ग्राहकाला सेवास्तर-करारामुळे स्वतःच्या जोडणीपुरते वचन मिळू शकते.

याशिवाय एडीएसएल तंत्रज्ञानात माहिती उतरविण्याचा वेग पाठविण्याच्या वेगाच्या अनेकपट असतो. घर ग्रहण करते, निर्मिती करीत नाही, हे गृहीतक त्याच्या रचनेतच आहे. मार्च 2020 मधील टाळेबंदीनंतर महाविद्यालयांचे तास प्राध्यापकांच्या घरांतून प्रक्षेपित होऊ लागले. एडीएसएल जोडणी असलेल्या घरांत दृश्य आणि आवाज बाहेर पाठविण्याचा सारा भार या अरुंद बाजूवर पडला. काम संस्थेचे होते. जोडणी मात्र घरगुती दराची, घरगुती मर्यादेची आणि घरगुती वचनाचीच राहिली.