शिडाची नौका आणि महाराष्ट्रीय मन

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याने स्वतःच्या शिडाच्या नौकेतून हिंडणे हा अमेरिकेतील कित्येक हौशी कुटुंबांचा छंद आहे. पॅसिफिक महासागरातील तुफानांचा हंगाम ओसरला, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास सान दिएगो बंदरातून या नौका निघतात आणि वायव्येचे वारे पाठीशी घेऊन दक्षिणेकडे उतरतात. जाताना जो वारा सोबती असतो तोच परतीच्या वाटेवर वैरी होतो, आणि उत्तरेकडे येताना नावाड्याच्या धीराची खरी परीक्षा होते.

समुद्रापासून शेकडो मैल दूर, सोलापूरच्या काळ्या मातीत बसून असली प्रवासवर्णने वाचताना प्रथम केवळ मौज वाटते. भुईकोट किल्ल्याशेजारचे सिद्धेश्वराचे तळे हाच आमचा सागर! परंतु थोडा विचार करता ध्यानात येते की, यात आपल्याला अपरिचित असे फारसे काही नाही. वाऱ्याचा हाच कायदा आपल्या कोकणपट्टीसही लागू आहे. पावसाळ्यात दर्या बंद. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केला की तो खुला. पुढे हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, आणि या दोहोंच्या आधाराने बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले असे मुक्काम करीत शिडाची गलबते शतकानुशतके ये-जा करीत असत. फरक इतकाच की, तेथे तो सुशिक्षितांचा छंद आहे, आणि येथे ते कोळी, भंडारी, गाबीत व दालदी यांच्या पोटापाण्याचे साधन होते.

या किनाऱ्यावरील सर्वांत प्रसिद्ध जलप्रवास म्हणजे शिवाजी महाराजांची बसरूरची स्वारी. नोव्हेंबर 1664 मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, आणि पुढल्याच फेब्रुवारीत महाराज स्वतः जहाजावर चढून दक्षिणेस निघाले. बरोबर 85 गलबते व 3 मोठी जहाजे होती, असे इंग्रजांच्या तत्कालीन पत्रव्यवहारावरून दिसते. बसरूरची लूट करून महाराज गोकर्णास आले आणि तेथून अंकोल्यावरून कारवारकडे वळले. त्या दिवसांत या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुधा वायव्येचाच असतो. म्हणजे मेक्सिकोच्या प्रवाशांप्रमाणेच महाराजांच्या आरमारासही दक्षिणेची वाट सुकर आणि उत्तरेची बिकट असली पाहिजे.

हा प्रसंग मी वर्गात अनेक वर्षे रंगवून सांगत आलो. एकदा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, महाराजांच्या जहाजाचे सुकाणू कोणाच्या हातात होते?" मी मायनाक भंडारी, दौलतखान ही आरमारी सरदारांची नावे सांगितली. त्यावर तो म्हणाला, "ते सरदार झाले, सर. प्रत्यक्ष सुकाणू कोण धरीत होते?" त्या तांडेलाचे नाव मला सांगता आले नाही. तास संपला, पण तो प्रश्न काही संपला नाही.

आपली बखर, आपली पोथी व आपली पाठशाळा ज्यांच्या हाती होती, त्यांनी समुद्राशी नातेच ठेवले नव्हते. समुद्रयान हे कलिवर्ज्यांत घालून द्विजांस निषिद्ध ठरविले गेले होते. ज्याला अक्षर येई त्याला समुद्र वर्ज्य, आणि ज्याला समुद्र येई त्याच्यापर्यंत अक्षर पोहोचू दिले नाही. अपवाद होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचा विचार मोठ्या साक्षेपाने केलेला आढळतो. जहाजांसाठी साग कोठून घ्यावा आणि रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंब्या-फणसांस हात का लावू नये, हे त्यात बजावले आहे. परंतु तो राज्यकर्त्याचा विचार होय. नावाड्याची विद्या नावाड्याबरोबरच राहिली. पुढे 1883 मध्ये आनंदीबाई जोशी लोकापवाद सोसून विद्येसाठी अमेरिकेस गेल्या व त्यांनी निषेधाची भिंत धैर्याने ओलांडली. त्यांच्यामागून पुष्कळजण गेले. पण गेले ते आगबोटीचे उतारू म्हणून. बंदी सुटली, तरी सुकाणू आपल्या हाती आले नाही.

ही तुटी किती खोल होती याचे एक उदाहरण मुंबईतच घडले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी 1817 मध्ये पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. त्याच शहरात, विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज दर्यावर्दी अधिकाऱ्याने स्वतःसाठी एक सागवानी नौका बांधवून घेतली. लांबी अवघी 32 फूट; नाव ‘सुहैली’. सुतारांची हत्यारे जुन्या पद्धतीचीच, हाताने चालवावयाची होती. 14 जून 1968 रोजी हा गृहस्थ त्या नौकेतून एकटा इंग्लंडहून निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी परतला. एकट्याने, विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य. त्या शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी पुरती प्रदक्षिणा करून परतला तो हा एकटाच. कीर्ती नावाड्याची झाली ती योग्यच. परंतु तितके दिवस दक्षिण महासागराचे तडाखे सोसणाऱ्या त्या सागवानी अंगाला मुंबईच्या सुतारांचे हात लागलेले होते, हे आपल्यापैकी कितीकांस ठाऊक आहे?

सुकाणू आपल्या हाती येण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही 56 फुटांची नौका तयार झाली, आणि नौदलातील कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी तीतून मुंबईहून एकटे निघाले. चार बंदरांत थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून, ते मे 2010 मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे एक सल्लागार होते तेच नॉक्स-जॉन्स्टन! ‘म्हादेई’ खाजगी नव्हे, नौदलाची. तथापि बांधणारा व हाकणारा, दोघेही नावानिशी नोंदले गेले, हा माझ्या मते त्या सफरीचा मोठाच लाभ होय.

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील हौशी प्रवाशांचा मला हेवा वाटतो तो त्यांच्या संपत्तीमुळे नव्हे. वारा कसा वाचावा हे शिकण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, आणि शिकलेले ते लिहून ठेवतात. आपल्याकडे शिडे उतरली, यंत्रे आली. शिडांवर वाढलेले म्हातारे तांडेल आता थोडेच उरले असतील. सुटीत आपण सहकुटुंब मालवणास जातो, किल्ला पाहतो, मासळी खातो आणि परततो. पुढल्या खेपेस किनाऱ्यावर असा एखादा म्हातारा भेटला, तर त्याच्याजवळ घटकाभर बसून मतलईची गोष्ट विचारावी, आणि त्याची संमती असेल तर ती त्याच्या नावासह लिहून घ्यावी. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही देता येत नाही. निदान पुढच्या शिक्षकावर तरी तीच पाळी येऊ नये.